बेसिनवरचे दोन पेले

माझे सासरे कवळ्या बनवायचे. माझं लग्न ठरलं तेव्हा आईने नातेवाइकांना 'मुलाचे वडील मेडिकल लाइनमध्ये आहेत' असं मोघम सांगून वेळ मारून नेली होती. लग्नानंतर मी पहिल्यांदा तळमजल्यावरच्या वर्कशॉपमध्ये पाय ठेवला, तर फळीवर प्लास्टरचे जबडे ओळीने मांडलेले आणि सगळे माझ्याकडे बघून दात काढतायत. मी किंचाळले नाही, एवढं एकच त्या दिवशी माझ्या हातून बरं झालं. अप्पा म्हणाले, "घाबरू नकोस सूनबाई, यातलं कुणी चावत नाही," आणि त्यांनी एक स्टूल पुढे सरकवलं. नोकरी शोधते, शोधते म्हणता म्हणता मी त्याच स्टुलावर मेण वितळवायला आणि साचे भरायला शिकले. आता पॉलिशचं सगळं काम माझ्याकडे असतं.

शहरातले दातांचे डॉक्टर तोंडाची मापं घेऊन पाठवायचे आणि अप्पा त्यावरून कवळी करून द्यायचे. एखादं गिऱ्हाईक फारच किरकिरं निघालं, की डॉक्टर मापाबरोबर माणूसच पाठवून द्यायचे. अप्पांना तेच आवडायचं. दात मेणात तात्पुरते रोवून ते त्या माणसाला बराच वेळ नुसतं बोलतं ठेवायचे. समोरचा आपला सून, सासू, सांधेदुखी असं काय काय सांगतोय, आणि अप्पांचं लक्ष त्याच्या दुःखाकडे नाही, त्याच्या 'स'कडे. 'स' शिट्टीसारखा वाजला, की दात केसभर मागे. हसताना तोंडावर हात घेणाऱ्या बायकांना विचारायचे, "पूर्वी कुठला दात वाकडा होता?" आणि तो तस्साच वाकडा बसवायचे. बाई घरी जाऊन आरशात बघायची, तर तिचंच तोंड तिला परत मिळालेलं असायचं.

शेवटचं काम खुणेचं. कुठल्याशा वृद्धाश्रमात सगळ्यांच्या कवळ्या एका टबात धुतल्या गेल्या आणि सकाळी कुणाचे दात कुणाच्या तोंडात, असा गोंधळ एकदा झाला होता. तेव्हापासून अप्पा प्रत्येक कवळीच्या आतल्या अंगाला सुईने बारीक खूण कोरायचे. प्रत्येकाची वेगळी. खूण केल्याशिवाय कवळी दाराबाहेर जायची नाही.

सासूबाई होत्या तोवर घर शांत होतं. जरा जास्तच शांत. आईवडील कधी भांडले नाहीत, हे माझा नवरा अभिमानाने सांगतो. मला त्यात मिरवण्यासारखं काही दिसलं नाही. भांडायलासुद्धा माणूस समोर लागतो. अप्पा दारू पीत नव्हते, उगाच बाहेर भटकत नव्हते, आवाज चढवत नव्हते. सासूबाई अंथरुणाला खिळल्या तेव्हा त्यांची वेणी अप्पाच घालायचे, आणि माझ्यापेक्षा चांगली घालायचे. एकदा वेणी घालून ते खाली गेले, तेव्हा सासूबाई मला म्हणाल्या, "तुझा सासरा फार चांगला माणूस आहे. फक्त तो घरी नसतो."

"अहो, आत्ता तर इथून उठून गेले."

त्या हसल्या आणि त्यांनी कूस बदलली. त्यांना काय ठाऊक होतं आणि काय नव्हतं, मला आजही सांगता येणार नाही. पण त्या बाईचं आयुष्य एका चांगल्या माणसाशेजारी एकटीने गेलं, आणि त्याचा मला राग आहे. कुणावर काढायचा ते कळत नाही, म्हणून तो माझ्याकडेच पडून आहे.

त्या गेल्या आणि अप्पांनी आपली कॉट वर्कशॉपच्या मागच्या खोलीत हलवली. जिने चढवत नाहीत, म्हणाले. काम चालू होतं, पण गिऱ्हाइकांना बोलतं करणारा माणूस स्वतः मात्र 'हो', 'नाही' आणि 'बरं' एवढ्यावर भागवायला लागला.

मास्तर आले ते भांडतच आले. पोहण्याच्या तलावावर आयुष्यभर पोरांना शिकवून नुकतेच रिटायर झालेले, छाती अजून पिंपासारखी, आवाज असा की आमच्या फळीवरचे जबडे हादरावेत. डॉक्टरांनी दोनदा कवळी करून दिली होती आणि त्यांनी ती दोनदा परत नेऊन आपटली होती.

"मला शिट्टी वाजवता आली पाहिजे," ही त्यांची पहिली अट.

"पण तुम्ही रिटायर झालात ना?" अप्पांनी विचारलं.

"मग? शिट्टीपण सोडू?"

अप्पा हसले. मी मेणाचं भांडं हातात धरून वळून पाहिलं, कारण हा आवाज मी त्या घरात ऐकलेलाच नव्हता. त्या दिवशी मास्तर किती वेळ बोलत बसले! तलाव, बुडता बुडता वाचवलेली पोरं, केव्हाच वेगळी झालेली बायको, दूरच्या शहरात राहणारी मुलगी. त्यांचा 'स' केव्हाच ठीक झाला होता. अप्पा तरी ऐकतच होते.

कवळी झाली, शिट्टी वाजली, आणि तरी मास्तर येतच राहिले. आज इथे टोचतंय, उद्या तिथे टोचतंय. एकदा अप्पा बाहेर गेले होते, म्हणून मी म्हटलं, बघू, करा आ. कवळी टोचत असली की हिरडीवर लाल डाग उठतो, ते लपत नाही. मास्तरांच्या हिरड्या तान्ह्या बाळासारख्या गुलाबी.

"मास्तर, कुठे टोचतंय म्हणालात?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग अप्पांच्या रिकाम्या स्टुलाकडे पाहिलं. "आज नाही टोचत," असं म्हणून एवढा मोठा गडी शाळकरी पोरासारखा टोपी घालून निघून गेला. मी काही दूधखुळी नाही. कळायचं ते कळलं, आणि मी तोंडाला कुलूप घातलं.

मग अप्पा पोहायला जायला लागले. ज्यांना पाण्याची इतकी धास्ती, की अंघोळीच्या बादलीतही आधी कोपर बुडवून अंदाज घ्यायचे, ते अप्पा. तलावावर सकाळचा एक तास म्हाताऱ्यांसाठी राखीव असायचा. एक दिवस टॉवेल विसरले म्हणून मी तो द्यायला गेले. अप्पा पाण्यावर उताणे, डोळे घट्ट मिटलेले, नळीसारखे पाय. मास्तर छातीभर पाण्यात उभे, एक तळवा अप्पांच्या पाठीखाली.

"सोड. अंग सोड. मी आहे ना. अरे, इस्त्री केल्यासारखा कडक काय झालायस?"

सोड. झालायस. आदल्या आठवड्यापर्यंत तर दोघांचं 'अहो मास्तर', 'अहो अप्पा' चाललेलं मी ऐकलं होतं.

अप्पांनी अंग सोडलं. मास्तरांनी हळूच हात काढून घेतला आणि दोन्ही हात वर करून मला दाखवले. अप्पा तरंगत होते आणि त्यांना ते माहीत नव्हतं. कळलं तेव्हा ते मोठ्याने हसले, नाकातोंडात पाणी गेलं, मास्तरांनी दंडाला धरून त्यांना उभं केलं. दोघांच्या कवळ्या लॉकरमध्ये, दोन बोळकी तोंडं खो खो हसतायत. टॉवेल कठड्यावर ठेवून मी निघाले. रस्त्यात मला रडू आलं. आनंदाचं म्हणावं, तर सासूबाईंची वेणी डोळ्यांपुढे येत होती.

एका दुपारी मशीन बंद करून अप्पा म्हणाले, "मास्तर इथे राहायला येतायत. मागच्या खोलीत."

"बरं. दुसरी कॉट आणायची?"

मी मुद्दामच विचारलं. ते किती तरी वेळ हातातला ब्रश पुसत राहिले. "नको," म्हणाले. मग खाली बघून बोलायला लागले. "मी पहिल्यापासून असाच आहे गं. आमच्या वेळी याला शब्द नव्हता, नुसत्या शिव्या होत्या. आता टीव्हीवर गे म्हणतात. आरशासमोर उभं राहून म्हणून पाहिलं. कवळी घालून नीट म्हणता येतो." हसायला गेले आणि हुंदकाच आला. "तुझ्या सासूला मी फसवलं. ती कधी एका शब्दाने बोलली नाही."

मी त्यांना पाणी दिलं. दुसरं काय करणार? म्हटलं, "मुलाला सांगा. माझ्याकडून त्याला कळायला नको."

"सांगतो. तू बोलू नकोस. मीच सांगतो."

सांगितलं मात्र नाही. माझ्या नवऱ्याला मास्तर म्हणजे भाडेकरू, एवढंच कळवण्यात आलं. तो विमा कंपनीत आहे, शंका घेणं हा त्याचा धंदाच, पण ही शंका त्याने घेतली नाही. घ्यायचीच नव्हती त्याला. मागच्या खोलीत एकच कॉट आहे हे त्याने पाहिलं होतं. पाहिलं आणि कानाडोळा केला.

ती वर्षं अप्पांची खरी वर्षं. शर्टाला रंग आले. कामावर बसल्या बसल्या शीळ घालायला लागले. मास्तर स्वयंपाकघरात घुसून माझ्या सूपमध्ये मिरपूड घालायचे आणि वर मलाच चव घ्यायला लावायचे. मास्तरांच्या हिरड्या आक्रसल्या, म्हणून अप्पांनी त्यांच्यासाठी नवी कवळी केली. मी पॉलिश करायला घेतली, तर आत खूण नव्हती.

"अप्पा, खूण राहिली."

"ही कुठे बाहेर जातेय? माझ्या कवळीवर तरी कुठे खूण आहे? घरातल्या घरात काय बदलणार?"

घरातल्या घरात, हे ऐकून मास्तर दिवसभर खूश होते. मागच्या बाथरूमच्या बेसिनवर दोन सारखे काचेचे पेले असायचे, रात्री दोघांचे दात त्यांत.

मास्तरांची एकच कुरकुर होती. वर्कशॉपमध्ये कुणी नवं आलं आणि मास्तरांकडे बघून "हे कोण?" म्हणालं, की अप्पा घाईघाईने सांगायचे, "आमच्या ओळखीचे आहेत." मग मास्तर गप्प व्हायचे. मास्तरांनी गप्प बसणं काही साधं नव्हतं. एकदा मला ऐकू येईल असं ते म्हणाले, "मी माझ्या पोरीला फोनवर सांगून टाकलं. तिने फोन आपटला. आपटू दे. तू एकदा, फक्त एकदा, कुणाला तरी सांग मी तुझा कोण ते. तेवढं मला ऐकायचंय. मग मेलो तरी चालेल."

"मरायच्या गोष्टी कशाला?" अप्पा म्हणाले. "सांगेन ना."

मग ती सकाळ. नुकतं उजाडत होतं. अप्पांची हाक ऐकून मी धावत खाली आले. मास्तर बेसिनपाशी पडले होते, अर्धा चेहरा ओघळलेला, एक हात निकामी. तोंडाने काहीतरी म्हणत होते, पण शब्द लागत नव्हते. अँब्युलन्सवाले म्हणाले, दात, चष्मा, काय असेल ते द्या. अप्पांनी एक पेला डबीत उपडा केला आणि डबी त्यांच्या हातात कोंबली. स्वतः बोळक्या तोंडाने, घरातल्या सपातांवर अँब्युलन्समध्ये चढले. मी आणि माझा नवरा मागून गाडीने गेलो.

आयसीयूच्या दारात सिस्टरने अप्पांना अडवलं. "पेशंटचे कोण तुम्ही?"

अप्पांनी तोंड उघडलं. तेवढ्यात त्यांची नजर माझ्या नवऱ्यावर गेली. तो शेजारीच उभा होता, गाडीची किल्ली हातात धरून.

"ओळखीचा," अप्पा म्हणाले.

"मग बाहेर थांबा. जवळच्या नातेवाइकांना कळवा."

स्ट्रेचर अजून तिथेच होतं. मास्तरांचा एक डोळा उघडा होता आणि तो अप्पांवर होता. दार बंद झालं. अप्पा बाहेरच्या बाकावर बसले, आणि त्यांच्याकडे बघून माझं काळीज तुटलं. राग त्याहून जास्त आला. त्यांचा, माझ्या नवऱ्याचा, त्या किल्लीचा.

दुपारी मास्तरांची मुलगी आली. प्रवासाने विस्कटलेली, वडिलांसारखीच उंच. कॉरिडॉरमध्ये आम्हाला गाठून तिने पहिला प्रश्न विचारला, "बाबांबरोबर राहतात ते कुठे आहेत?"

माझा नवरा म्हणाला, "ते आमचे भाडेकरू होते. एकटेच राहायचे."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी अप्पांकडे पाहिलं. ते स्वतःच्या सपातांकडे बघत होते. बोलू नकोस म्हणून त्यांनी मला बजावलं होतं, आणि ते समोर बसलेले असताना त्यांच्या वतीने मी कसं बोलणार? मुलगी आत गेली.

थोड्या वेळाने ती डोळे पुसत बाहेर आली. "बाबा काहीतरी सांगायचा प्रयत्न करतायत, पण काही कळत नाही. दात घातले तर बोलतील म्हणून आम्ही बघतोय, तर थुंकून टाकतात. डॉक्टर म्हणतात, तोंडावरचा ताबा गेलाय. भ्रमही असेल."

"थुंकतो?" अप्पा पुटपुटले. "मी केलेली कवळी थुंकतो?" एवढंच. दिवसभर त्यांनी चहाशिवाय काही घेतलं नाही. मी सूप आणलं, ते गार होऊन गेलं. संध्याकाळी घरी चला म्हटलं, तर बाकाची कड घट्ट धरून बसले. शेवटी मी त्यांच्या अंगावर शाल टाकून निघाले.

सकाळी मी त्यांचे कपडे आणि बेसिनवरच्या दुसऱ्या पेल्यातली कवळी घेऊन गेले. अप्पांनी ती हातात घेतली. तोंडापर्यंत नेलीसुद्धा नाही. अंगठा आतून एकदा फिरवला, मग पुन्हा एकदा.

"हे माझे नाहीत."

"मग?"

"हे त्याचे आहेत. सूनबाई, माझे दात घालतायत त्याच्या तोंडात कालपासून. थुंकणारच तो. त्याला भ्रम नाही झालेला. तो बोलत असणार गं."

शहरभरच्या दातांवर खुणा कोरणारा माणूस आपल्या घरातल्या दोन कवळ्यांत फसला होता. ते उठले. गुडघे आखडले होते, भिंतीला धरून चालायला लागले. माझा नवरा तेवढ्यात आला होता, तो आडवा झाला.

"अप्पा, कुठे? आत त्यांची मुलगी आहे. काय सांगणार तिला, तुमचे दात त्यांच्याकडे कसे गेले?"

"आमचे पेले एकाच बेसिनवर असतात, म्हणून गेले," अप्पा म्हणाले. दात नसल्याने शब्द फुसफुसत होते, पण आवाज पडलेला नव्हता. "मी हेच सांगणार. तुला लाज वाटत असेल तर तू घरी जा. मला एवढं जाऊ दे."

नवरा बाजूला झाला. घरी मात्र गेला नाही.

दारात तीच मुलगी उभी होती. अप्पांनी कवळी तिच्यापुढे धरली. "हे तुझ्या बाबांचे दात. माझ्या हातून बदलले गेले. मी ओळखीचा नाही. मी त्याच्याबरोबर राहतो. तो माझा माणूस आहे, मी त्याचा आहे."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि रागही. "काल दुपारपासून विचारतेय मी. प्रत्येकाला विचारतेय. कुठे होतात तुम्ही?"

"इथेच. बाकावर."

"बाबांनी मला सगळं सांगितलं होतं. मी तेव्हा चिडले, फोन ठेवला. नंतर मीच परत केला होता. तुम्हाला कुणी अडवलं होतं?"

खरं तर कुणीच अडवलं नव्हतं. सिस्टरने विचारलं होतं आणि अप्पांनी स्वतःच्या तोंडाने स्वतःला बाहेर काढलं होतं.

ती बाजूला झाली आणि आम्ही आत गेलो. पहाटे मास्तरांना दुसरा झटका येऊन गेला होता. आवाज आता अगदी बंद होता. तरी अप्पांनी कवळी ओली केली, मास्तरांचा ओठ बोटाने उचलला आणि आधी वरची, मग खालची बसवली. बसलेले गाल भरून आले. अर्धं का होईना, ते मास्तरांचं तोंड झालं. मुलगी "बाबा" म्हणाली आणि रडायला लागली.

अप्पा कानाशी वाकून बोलत राहिले. "ऐकतोयस ना? मी सांगितलं. तुझ्या मुलीला सांगितलं. माझा मुलगा दारात उभा आहे, त्याच्यासमोर सांगितलं. आता सगळ्यांना सांगेन. ऐकू येतंय का रे?"

मास्तरांचा धड हात वर आला. तो अप्पांच्या तोंडावर फिरला, ओठ चाचपले, पुन्हा चाचपले. मग बाजूच्या स्टुलाकडे गेला. तिथे पाण्याचा जग होता, एक झाकलेली वाटी होती. मुलीने पाणी पाजून पाहिलं. ते नको होतं. हात पुन्हा अप्पांच्या ओठांवर, पुन्हा स्टुलाकडे. आमच्यापैकी कुणालाच काही कळलं नाही. मग हात दमला. दुपार व्हायच्या आत मास्तर गेले.

पुढचं सगळं मुलीने नीट पार पाडलं. भेटायला येणाऱ्यांना ती अप्पांकडे पाठवायची, "त्यांना भेटा" म्हणायची. तलावावरची मोठी झालेली मुलं अप्पांचे हात धरून रडून गेली. माझा नवरा रोज संध्याकाळी खाली येऊन बसायला लागला. एकदाच त्याने विचारलं, "आईला माहीत होतं?" अप्पा म्हणाले, "विचारायची हिंमत झाली नाही." दोघं बसून राहिले, एकाच बाकावर.

आता अप्पा सगळ्यांना सांगतात. डॉक्टरांना सांगतात, गिऱ्हाइकांना सांगतात, मीटर बघायला आलेल्या माणसालाही सांगून झालं. "माझा जोडीदार गेला. पोहायला शिकवायचा." गरज नसते, समोरच्याची पंचाईत होते, कुणी छद्मी हसतंही. अप्पांना त्याचं काही वाटत नाही. सकाळी अजून तलावावर जातात, पाण्यावर उताणे पडून राहतात. आणि घरी आल्यावर एकच बोलणं माझ्यापाशी. "तो दिवसभर काय सांगत होता गं? माझे दात तोंडात असताना काय म्हणत होता? मी त्याला ओळखीचा म्हटलं, ते त्याने ऐकलं होतं. मला शिव्या देत असेल." मी काय सांगणार? मला वाटायचं, असेलही देत. मास्तरच ते.

काही आठवड्यांनी एक बाई आपल्या म्हाताऱ्या आईला घेऊन वर्कशॉपमध्ये आली. डॉक्टरांनी पाठवलेलं किरकिरं गिऱ्हाईक. आईच्या तोंडात मेणात रोवलेले दात बसवून अप्पांनी तिला बोलतं केलं, आणि नेहमीसारखंच मध्येच, काही संबंध नसताना, आपला जोडीदार गेल्याचं सांगितलं. पोहण्याचे मास्तर होते, म्हणाले.

बाईने मान वर केली. "त्या रात्री आयसीयूमध्ये माझी ड्यूटी होती. मी सिस्टर आहे तिथे."

अप्पांच्या हातातला मेणाचा चमचा थांबला.

"मला त्यांच्याबद्दल रुखरुख लागून राहिली होती," ती म्हणाली. "दात घालायला गेलं की ते काढायचे आणि माझ्या हातात ठेवायचे. बोलणं फार अस्पष्ट होतं, पण रात्रभर एकच म्हणत होते, म्हणून हळूहळू लागलं. 'त्याचे आहेत. त्याला द्या.' मी विचारलं, आजोबा, कुणाचे? तर दाराकडे हात करायचे. 'बाहेर असेल. त्याला द्या. दाताशिवाय जेवणार कसा तो? उपाशी असेल.' आम्हाला वाटलं, भ्रम झालाय. मी ते वाटीत घालून स्टुलावर ठेवून दिले. बाहेर खरंच कुणी आहे का, हे काही मी जाऊन पाहिलं नाही."

अप्पांनी चमचा खाली ठेवला. म्हातारी तोंडात मेण धरून टकामका बघत होती, तिला कुणी बोल म्हणेना. मी मशीन बंद केलं.

"होतो," अप्पा म्हणाले. "बाहेरच होतो. आणि खरंच जेवलो नव्हतो."